उभं राहण्यापुरता रस्सा

शहापूरला हमरस्त्याच्या कडेला चंद्रभागाबाईचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बल्ल्यांवर टाकलेला गवताचा मांडव, दोन बाकडी आणि मागं मातीची मोठी चूल. पण नागपूर-रायपूर करणारे ट्रकवाले तिथं हटकून थांबत, ते तिच्या पायाच्या रश्शासाठी.

भय्याजी खाटकाकडून दुपारी बोकडाचे खूर यायचे. चंद्रभागाबाई ते जाळावर धरून केस जाळायची, सुरीनं खरवडून पांढरे करायची, नळ्या फोडायची आणि हळद लावून धुतलेली हाडं जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मोठ्या पातेल्यात घालून संध्याकाळी चुलीवर चढवायची. जाळ मोठा करायचा नाही. निखाऱ्यांवर नुसतं हळूहळू बुडबुडत राहिलं पाहिजे, म्हणजे हाडातलं सगळं पाण्यात उतरतं. वर आलेला फेस काढून टाकायचा. सकाळी अद्रक, लसूण, मिरे, धने आणि भाजलेला कांदा वाटून त्यात घालायचा. हा रस्सा थंड झाला की खळीसारखा थिजायचा, बोट लावलं की थरथरायचा. घरी बाळंतीण असलेली, तापातून उठलेली, पडून हातपाय मोडून घेतलेली माणसं लांबून डबे घेऊन येत.

चौऱ्याऐंशी सालच्या पौषात असाच एक डबा घेऊन तुलाराम आला. तो मांडवाबाहेरच उभा राहिला. चंद्रभागाबाईनं त्याला लगेच ओळखलं. दहा वर्षांत तो बापासारखाच दिसायला लागला होता.

"काकी," तो खाली बघत म्हणाला, "बाबा धानाच्या उंच पुंजण्यावरून पडले. नडगीचं हाड मोडलं. भंडाऱ्याले पलस्तर केलं, पण त्यायच्या पोटात अन्न ठरत नाही. निस्ते वाळून राहिले. डॉक्टर म्हणे, पायाचा रस्सा पाजा."

"मंग घरी नाही येत कराले?"

"आईनं केला. दोनदा ओकले. कोनं तरी त्यायले तुमच्या रश्शाचं सांगतलं."

चंद्रभागाबाई चुलीतला जाळ मागं ओढत राहिली. तिची मुलगी वच्छला वाटणाच्या पाट्यावरून उठून उभी राहिली होती. तुलाराम वासुदेवरावांचा मुलगा आहे हे तिलाही ठाऊक होतं.

चौऱ्याहत्तर सालच्या श्रावणात चंद्रभागाबाई तेव्हा राहत होती त्या, तुलारामच्या गावचा तलाव काठोकाठ भरला होता. तलावाच्या वरच्या अंगाला वासुदेवरावांची धानाची बांधी होती. पाणी चढलं की ती बुडायची. एका सकाळी वासुदेवराव सुखरामच्या दारात आले. सुखराम, म्हणजे चंद्रभागाबाईचा नवरा, घरी नव्हता. "चंद्रभागे, कुदळ दे वं, दोन घडीचं काम हाये," असं ते म्हणाले आणि तिनं भिंतीला टेकलेली कुदळ उचलून आपल्या हातानं त्यांना दिली. पाणी थोडं उतरावं म्हणून वासुदेवरावांनी पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या टोकाला हातभर चर पाडला. पाण्यानं त्याच दिवशी तो बैलगाडी जाईल एवढा रुंद केला. पाळ फुटली आणि सगळ्या गावाचं नुकतं लावलेलं भाताचं रोवणं चिखलाखाली गेलं.

फुटलेल्या जागी कुदळ सापडली. तिच्या दांड्यावर सुखरामनं कोरलेली खूण होती. पंचांत वासुदेवरावच मुख्य, आणि त्यांनीच सांगितलं, "मी सुखरामले पाळीवर पाह्यलं." चंद्रभागाबाई चावडीवर जाऊन ओरडून सांगू लागली की कुदळ कोणी नेली होती. कोणीतरी म्हणालं, नवऱ्याच्या बाजूनं बायको बोलणारच. तिला हाताला धरून बाहेर काढलं.

त्या दिवसापासून सुखरामच्या बांधीला पाणी मिळालं नाही, रोवणीला बाया मिळाल्या नाहीत, विहिरीवर चंद्रभागाबाई गेली की बाकीच्या घागरी बाजूला व्हायच्या. वर्षभरात ते गाव सोडून शहापूरला आले. सुखराम तांदळाच्या गिरणीवर पोती उचलायचा. बोलणं त्यानं जवळपास सोडूनच दिलं. एकोणऐंशीत कावीळ झाली आणि तो गेला. तीन मैलांवरच्या त्याच्या गावातून एकही माणूस मातीला आला नाही. तिरडीला खांदा दिला तो भय्याजी खाटकानं आणि दोन ट्रकवाल्यांनी.

आणि आता वासुदेवरावांना रस्सा हवा होता.

पहिला विचार तिच्या मनात आला तो फडताळातल्या उंदराच्या औषधाचा. तो विचार तिनं झटकला नाही. पुडी किती, डब्यात कशी मिसळायची, मिऱ्याच्या तिखटात चव कळेल का, इथपर्यंत ती गेली. मग तिला पुढचं दिसलं. तो मेला तर सगळं गाव रडत मसणात जाईल. पागोटी काढून माणसं उभी राहतील, त्याच्या भलेपणाची भाषणं होतील, आणि पाळ फोडणारा सुखराम तो सुखरामच राहील.

मेलेला वासुदेवराव तिच्या काहीच कामाचा नव्हता.

"डबा घेऊन जा," ती तुलारामला म्हणाली. "रिकामाच ने. उद्यापासून मी सोताच आणून पाजीन."

तो गेल्यावर वच्छला तिच्या अंगावरच आली. "आई, त्या मानसाले कायले पाजतेस वं? बाबाले त्यानं मारलं ना!"

"म्हणूनच पाजतो. मले तो पायावर उभा पायजे."

दुसऱ्या दिवशी कडीचा डबा फडक्यात गुंडाळून, डोक्यावर घेऊन ती तीन मैल चालत गेली. नऊ वर्षांनी गावात पाऊल ठेवत होती. ओसरीवरच्या बाया एकमेकींकडं बघू लागल्या. वासुदेवराव बाजेवर पडले होते, पाय मांडीपर्यंत पांढऱ्या पलस्तरात. गालाची हाडं वर आली होती. तिला बघून त्यांनी बायकोकडं, रुखमिणीबाईकडं पाहिलं. त्या नजरेत भीती होती. ती भीती चंद्रभागाबाईला दहा वर्षांतल्या कुठल्याही जेवणापेक्षा गोड लागली.

तिनं वाटीत रस्सा ओतला. वाफ वर आली. वासुदेवरावांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

"भेव वाटते का?" तिनं विचारलं. मग तीच वाटी तोंडाला लावून अर्धी प्याली, उरलेली त्यांच्यापुढं धरली. "घ्या. मायं उष्टं हाये, पण मरत नाही मानूस."

त्यांनी वाटी घेतली. पहिला घोट घेताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. तो घोट पोटात ठरला.

मग रोजचाच नेम झाला. सकाळी आठाच्या सुमाराला ती यायची, आधी स्वतः प्यायची, मग त्यांना पाजायची. अर्ध्या वाटीवरून दोन वाट्या झाल्या, मग रश्शात कुस्करलेली ज्वारीची भाकर. महिन्याभरात त्यांच्या अंगावर मांस दिसू लागलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगू लागले, "डॉक्टरचं काही नाही गा. या बाईच्या हातात हाये ते. तिचा रस्सा हाडाले जाऊन चिकटते, मले आतून समजते." बोलताना ते हसायचे. त्यांना वाटायचं, बाई जुनं विसरली.

एके दिवशी घरात कोणी नसताना त्यांनी विचारलं, "चंद्रभागाबाई, खरं सांगजा. तुमी काहून मले वाचवून राहिल्या?"

"वाचवून नाही राहिली. उभं करून राहिली."

"म्हंजे?"

"मृगाच्या आधी सारं गाव तलावाच्या पाळीवर माती टाकाले जमते. त्या दिवशी तुमी आपल्या पायानं वर चढाचं. आन् सगळ्यायसमोर सांगाचं, सुखरामच्या घरून कुदळ कोनं नेली होती."

वासुदेवरावांच्या हातातली वाटी कलली. थोडा रस्सा गोधडीवर सांडला. तो त्यांनी गोधडीच्या टोकानं पुसला. मग म्हणाले, "दहा साल झाले त्याले. आता कोनाले काय करायचं हाये?"

"मले करायचं हाये," ती म्हणाली आणि डबा पुसून निघाली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. त्यांनीही तो विषय काढला नाही. मनात त्यांनी हिशेब केला असावा की पाय बरा होईपर्यंत हिला बोलू द्यावं, पुढं कोण विचारतं. चंद्रभागाबाईला तो त्यांच्या तोंडावर वाचता येत होता.

त्याच दिवसांत भंडाऱ्याचे एक डॉक्टर जीप बिघडली म्हणून तिच्या हॉटेलात तासभर बसले. त्यांनी दोन वाट्या रस्सा घेतला. तिनं त्यांना विचारलं, "सायेब, यानं हाड जुळते का?"

डॉक्टर हसले. "हाड आपलं आपण जुळतं, बाई. पलस्तर त्याला हलू देत नाही, एवढंच आमचं काम. तुझ्या रश्शानं भूक लागते, पोटाला हलका पडतो, आजारी माणसाच्या अंगात काहीतरी कसदार जातं. ते थोडं नाही. पण जादू नाही त्यात."

"कोनंबी केला तरी चालते?"

"इतका वेळ चुलीपाशी बसायची तयारी असेल तर कोणीही करावा."

तिनं मान हलवली. ही गोष्ट तिनं कोणाला सांगितली नाही.

चैत्रात पलस्तर निघालं. पाय वाळलेल्या काडीसारखा झाला होता. तुलारामच्या खांद्यावर हात ठेवून वासुदेवराव आधी बाजेभोवती, मग अंगणात, मग काठी घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत जाऊ लागले. वैशाख अर्धा सरला तेव्हा चंद्रभागाबाईनं डबा पुढं ठेवला, पण झाकण काढलं नाही.

"पाळीवर माती टाकाचा दिवस पंचायतीनं ठरवला. येत्या गुरुवारच्या पुढचा गुरुवार. याल ना?"

वासुदेवराव आता उशीला टेकून बसले नव्हते. ते खुर्चीवर बसले होते, पायात वहाणा होत्या. "चंद्रभागाबाई, तुमचे उपकार मी मानतो," ते शांतपणे म्हणाले. "पन ते काही होनार नाही. माया शब्दावर या गावात लग्नं ठरतात. एका बाईसाठी मी सोताच्या तोंडाले कायले काळं लावू? आन् तुमी सांगतलं तरी मानते कोन? तवा तरी कोनं मानलं?"

तिच्या अंगाचा जाळ झाला. पण तिनं आवाज चढवला नाही. न उघडलेला डबा उचलला, डोक्यावर ठेवला आणि ती निघाली.

रुखमिणीबाई गावाबाहेरच्या चिंचेपर्यंत तिच्या मागं आल्या. धापा टाकत म्हणाल्या, "चंद्रभागा, थांब वं."

ती थांबली.

"मले ठाऊक होतं. त्या दिवशी त्यायचं धोतर मीच धुतलं. कमरेपर्यंत पाळीची पिवळी माती होती."

"आन् तुमी गप राह्यल्या."

"गप राह्यली."

"दहा साल."

रुखमिणीबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चंद्रभागाबाईला त्यांची दया आली नाही. पण ते रडणं वाया जाऊ द्यायचं नाही, एवढं तिला लगेच सुचलं. "रडू नोका," ती म्हणाली. "काम करा. मी आता येनार नाही. उद्यापासून रस्सा तुमी करा. कसा कराचा ते सांगतो. फक्त त्यायले म्हना, चंद्रभागा देत नाही म्हनून आमी घरी केला."

चिंचेखाली उभं राहून तिनं सगळं सांगितलं. खूर कसे जाळायचे, जाळ किती ठेवायचा, फेस कधी काढायचा. एकही गोष्ट लपवली नाही. निघताना पाळीच्या दिवसाचंही एक काम सांगितलं.

पुढचे आठ दिवस वासुदेवरावांच्या घरात चुलीवर गंज होता. रस्सा तसाच व्हायचा, तसाच थिजायचा. पण पहिल्याच घोटाला वासुदेवरावांनी वाटी सरकवली. "हे पानी हाये. तिच्यासारखं नाही." तिसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, गुडघ्यात जोर राहिला नाही. पाचव्या दिवशी देवळापर्यंत जाणं बंद केलं. रात्री झोपेतून उठून ते नडगी चाचपायचे. हाड आतून सुटत चाललंय असं बायकोला सांगायचे. नवव्या दिवशी त्यांनी गाडीला बैल जुंपायला लावले आणि ते शहापूरला आले.

हॉटेलात गर्दी होती. तुलारामनं बापाला उतरवून बाकड्यावर बसवलं. चंद्रभागाबाईनं त्यांच्याकडं बघितलं नाही. ती ट्रकवाल्यांना वाढत राहिली. वासुदेवराव गंजातून निघणाऱ्या वाफेकडं बघत बसले. शेवटी ते स्वतःच उठून चुलीपाशी आले.

"एक वाटी द्या, बाई. पाय हातचा चालला माया."

"वाटी पाळीवरच भेटन."

"हे पाहा," त्यांनी आवाज अगदी खाली आणला, "मी तुमाले कानात सांगतो. झाला माया हातून गुन्हा. कबूल. बस?"

"माया कानाले दहा सालापासून ठाऊक हाये," ती मोठ्यानं म्हणाली. बाकड्यावरची माणसं वळून बघू लागली. "गावाच्या कानाले सांगा."

"लोकं थुंकतील माया तोंडावर!"

"सुखरामच्या तोंडावर थुंकले तवा तुमी कुठं उभे होते?"

वासुदेवराव काठी टेकत गाडीत जाऊन बसले. बैल निघाले तेव्हा वच्छला म्हणाली, "नाई येत तो. घरी जाऊन पडन." चंद्रभागाबाई म्हणाली, "येते. त्याले जीव लई प्यारा हाये."

त्या गुरुवारी सकाळी ती आणि वच्छला गावात गेल्या. डोक्यावर डबा नव्हता. पाळीवर घरटी एक माणूस आला होता. घमेली, टोपल्या, फावडी घेऊन. तलावाच्या तळाशी थोडंसं पाणी उरलं होतं. म्हातारा पंच तेजराम काठी रोवून कुठं किती माती पडायला हवी ते सांगत होता. चंद्रभागाबाईला बघून कोणी हाक मारली नाही, कोणी हाकललंही नाही.

ऊन चढल्यावर वासुदेवराव आले. खाली गाडी थांबली. तुलाराम हात द्यायला पुढं झाला, तर चंद्रभागाबाई वरून म्हणाली, "हात नोको देऊ. त्यायले येते चढता."

ते चढले. चार ठिकाणी थांबले, घामानं सदरा भिजला, पण चढले. माणसं हातातलं काम थांबवून बघत होती. कोणीतरी कौतुकानं म्हणालंही, "बाप्पा! मानूस उठला बरं का!" वासुदेवरावांनी सगळ्यांकडं पाहून हात जोडले. "मंडळी, मले थोडं बोलायचं हाये. चौऱ्याहत्तर साली आपल्या गावावर जे संकट आलं, त्याच्यात चूक साऱ्यायचीच झाली..."

"कुदळ कोनं नेली होती?" चंद्रभागाबाईनं विचारलं.

वासुदेवरावांनी जोडलेले हात खाली घेतले.

"साऱ्यायनं नेली होती का?"

"मी."

"मोठ्यानं."

"मी नेली होती."

"कोनाच्या घरून?"

"सुखरामच्या."

"कोनाच्या हातून?"

"तुया." बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडून 'तुमच्या' निघालं नाही.

"पाळ कोनं फोडली, वासुदेवराव?"

ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. त्यांनी खाली धानाच्या बांध्यांकडं पाहिलं. तिनं वाट पाहिली. मग आवाज आला, "मीच फोडली. पानी थोडं उतरावं म्हनून. एवढं होईल असं वाटलं नव्हतं. आन् मंग भेव वाटला."

 एका बाईच्या हातातून टोपली निसटून खाली गडगडत गेली. तुलाराम बापाकडं असा बघत होता की जणू हा माणूस त्यानं आधी कधी पाहिलाच नव्हता. तेजरामनं डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात चुरगाळत तो उभा राहिला.

"आता दे," वासुदेवराव म्हणाले. "मी बोललो. आता दे रस्सा."

चंद्रभागाबाईनं रुखमिणीबाईंकडं पाहिलं. त्या बायांच्या मागं, पदराखाली डबा धरून उभ्या होत्या. त्यांनी तो आणून चंद्रभागाबाईच्या हातात दिला. तिनं वाटी भरली. वासुदेवरावांनी ती दोन्ही हातांनी धरून उभ्या उभ्या संपवली, अजून एक मागितली, तीही संपवली. तोंड पुसून ते म्हणाले, "हा खरा. आला पायात जोर."

"हा तुमच्याच चुलीवरचा हाये," चंद्रभागाबाई म्हणाली. "रुखमिणीबाईनं आज सकाळी केला. जो आठ दिवस पानी म्हनून सरकवून राहिले होते, तोच. डॉक्टरनं मले कवाच सांगतलं होतं, हाड आपलं आपुन जुळते, यात कोनतीच जादू नाही. तुमचं हाड चैत्रात पलस्तर निघालं तवाच जुळलं होतं. मायापाशी यायची तुमाले काही गरज नव्हती. इथं बोलाचीबी नव्हती."

वासुदेवरावांनी बायकोकडं पाहिलं. रुखमिणीबाईंनी नजर खाली घातली नाही. मग ते हातातल्या रिकाम्या वाटीकडं बघत राहिले. मागं कोणीतरी हसलं, आणि त्या हसण्यात गंमत नव्हती.

तेजराम पुढं आला. "चंद्रभागाबाई, गावाचं चुकलं. तुमी परत या. तुमच्या बांधीले पानी मी सोता सोडतो."

"मले आता पानी नोको," ती म्हणाली. "सुखरामचं नाव साफ कराचं होतं, ते झालं. माफी त्याले मागाची होती, तो तर गेला. तुमाले माफ कराले मी कोन?"

परतताना वच्छलानं तिला विचारलं, "आता बरं वाटते का, आई?"

चिंचेपाशी आल्यावर ती म्हणाली, "रिकामं वाटते. पन चांगलं रिकामं."

वासुदेवराव त्यानंतर सहा वर्षं जगले. पायाला पुन्हा काही झालं नाही, काठीसुद्धा सुटली. ते रोज सकाळी घरातून निघायचे, देवळापर्यंत चालत जायचे आणि ते आले की देवळाच्या कट्ट्यावरची माणसं एकेक करून उठायची. तुलारामनं वेगळी चूल मांडली. गावातली लग्नं ठरवायला त्यांना कोणी बोलावलं नाही.

त्या गावचं कोणी शहापूरला उतरलं की आता चंद्रभागाबाईच्या मांडवात येऊन बसायचं. ती वाटीत रस्सा ओतता ओतता न चुकता विचारायची, "वासुदेवभाऊ कसे हायेत? चालतात ना बरोबर?"

"चालतात ना, काकी. चांगले खुटखुट चालतात. एकटेच असतात."

"चालू दे," ती म्हणायची, आणि त्या माणसाच्या वाटीत आणखी एक पळी वाढायची.